डीकन आणि मंडळीतली सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, वार्षिक सभा जवळ आली की हे प्रश्न हमखास येतात. कुणाचं नाव डीकनपदासाठी सुचवलेलं असतं आणि हो म्हणावं की नाही ते त्याला कळत नसतं. कुणी दुसऱ्या पंथातल्या लग्नाला जाऊन आलेलं असतं, आणि तिथला डीकन आपल्याकडच्यापेक्षा भलतंच काही करताना दिसलेला असतो. उत्तरं शक्यतो सगळ्या पंथांना धरून दिली आहेत. जिथे मत माझं आहे, तिथे ते माझं म्हणूनच वाचावं.

डीकन म्हणजे नेमकं कोण?

मंडळीतल्या गरजू माणसांकडे, मंडळीच्या पैशाअडक्याकडे आणि उपासनेतल्या काही ठरावीक कामांकडे लक्ष देण्यासाठी रीतसर नेमलेला माणूस. रीतसर म्हणजे निवड होऊन, प्रार्थना करून आणि बहुतेक ठिकाणी डोक्यावर हात ठेवून. कोणतं काम किती, हे पंथागणिक बदलतं.

मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ वाढपी, निरोप्या, कुणाच्या तरी वतीने काम करणारा माणूस असा होता. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नात रांजणांत पाणी भरणाऱ्या नोकरांसाठी शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने हाच शब्द वापरला आहे. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हतं, पण पाणी काढणाऱ्या त्या नोकरांना ठाऊक होतं, असं तो आवर्जून सांगतो. डीकनपदाच्या मी वाचलेल्या बऱ्याच व्याख्यांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त सांगून जातं.

मराठी बायबलमध्ये ‘डीकन’ हा शब्द का सापडत नाही?

कारण त्याचं भाषांतर बहुतेक ठिकाणी ‘सेवक’ असं झालं आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात अध्यक्षांबरोबर (म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्यांबरोबर) ज्यांना नमस्कार आहे ते सेवक, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले सेवक, हेच आपले डीकन. ‘सेवक’ हा शब्द इतका सर्वसाधारण आहे की वाचताना इथे एखाद्या पदाबद्दल चाललंय हे ध्यानातच येत नाही.

आणखी एक गंमत आपल्या बोलण्यात आहे. ‘आज सेवा कोणाची आहे?’ असं मंडळीत कुणी विचारलं तर त्याला बहुधा उपदेश कोण देणार हे हवं असतं. जेवण वाढणाऱ्याची सेवा त्या प्रश्नात येत नाही. हा वापर चुकीचा आहे असंही नाही, कारण बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पंगतीच्या सेवेला आणि वचनाच्या सेवेला मूळ भाषेत एकाच धातूचे शब्द आहेत. फक्त दोन्हींपैकी एकच आपल्या कानात उरली.

हे पद सुरू कसं झालं?

तक्रारीतून, आणि तीही जेवणाच्या. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांना रोजची वाटणी होत असे. मंडळी वाढली तशी ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांमध्ये कुरकूर सुरू झाली, की इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं आणि आमच्यांची उपेक्षा होते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसवायचं आणि वाढताना हात आखडता घ्यायचा.

बारा प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. ‘आमच्यात असं होत नाही’ असंही म्हटलं नाही. आम्ही वचन सोडून पंक्तिसेवेला लागणं ठीक नाही, तेव्हा तुम्हीच तुमच्यातून सात माणसं निवडा, असं त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. अट काय, तर चांगला लौकिक, आत्म्याने पूर्ण आणि शहाणपण. लोकांनी स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव यांना निवडलं. प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. सातही ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलीच माणसं निवडून वाटणीचं काम त्यांच्या हाती दिलं गेलं. समिती नेमताना तक्रारदाराला बाहेर ठेवायची आपली सवय पाहिली की हा निर्णय किती धाडसाचा होता ते कळतं.

मग ते सातजण डीकन होते की नव्हते?

ही हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे त्यांना कुठेही ‘दियाकोनोस’ म्हटलेलं नाही. सेवेसाठीचं क्रियापद आहे, पदाचं नाव नाही. शिवाय स्तेफन लगेचच वादविवाद आणि उपदेश करताना दिसतो, आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो, कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देतो. दोघंही नुसते वाढपी राहिले नाहीत. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिणाऱ्या बिशप इरेनियसने मात्र स्तेफनाला पहिला डीकन म्हटलं आणि तीच समजूत रुजली. पदाचा पाया तिथे पडला, नाव मागाहून आलं, असं म्हणायला हरकत नाही.

पाळक, वडील आणि डीकन यांत फरक काय?

ढोबळमानाने, पाळक (मंडळीचा धर्मगुरू) आणि वडील (मंडळीतले नेमलेले ज्येष्ठ) शिकवण व देखरेख पाहतात, डीकन गरजा आणि व्यवस्था. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा इग्नाशियस आपल्या पत्रांतून बिशप (शहराच्या मंडळीचा प्रमुख), वडील आणि डीकन अशा तिघांचा स्पष्ट उल्लेख करतो. आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन चर्चमध्ये ही तीन दीक्षापदं आहेत. बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये बहुधा पाळक आणि डीकन अशी दोनच. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्ये वडीलजन आणि डीकन वेगवेगळे.

डीकन होण्यासाठी पात्रता कोणती?

तीमथ्याच्या पत्रातली यादी वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते : तिच्यात कौशल्यं जवळजवळ नाहीतच. गंभीर असावा, दुतोंडी नसावा, दारूच्या आहारी गेलेला नसावा, पैशाचा हावरा नसावा, घरसंसार नीट चालवणारा असावा, आणि आधी त्याची पारख व्हावी. अध्यक्षाच्या यादीत ‘शिकवण्यात निपुण’ अशी अट आहे, डीकनच्या यादीत ती नाही.

‘दुतोंडी’ हा शब्द उगाच आलेला नाही. डीकन घरोघरी जातो. एका घरातलं भांडण, दुसऱ्या घरातलं कर्ज, तिसऱ्या घरातलं आजारपण त्याला कळतं. या घरात एक आणि त्या घरात दुसरं बोलणारा माणूस तिथे आग लावून येईल. निवडीच्या वेळी लोक उमेदवाराला हिशोब येतो का ते पाहतात; मी आधी त्याच्या पोटात गोष्ट राहते का ते पाहीन.

पहिल्या काही शतकांत डीकन काय करत?

इसवी सन १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या उपासनेचं वर्णन केलं आहे. उपकारस्तुती झाली की डीकन जमलेल्यांना भाकर, द्राक्षारस आणि पाणी देतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवतात. आजारी, म्हातारी, तुरुंगातली माणसं त्यामुळे तुटत नसत.

पुढच्या शतकात कामाचा आवाका किती वाढला होता ते २५१च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रावरून दिसतं. त्याच्या शहरात ४६ वडील होते, डीकन मात्र फक्त ७, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू १५००हून जास्त. सात हा आकडा यरुशलेमच्या सातांवरून आला होता आणि मोठ्या शहरांतही तो तसाच धरून ठेवत. सातांच्या हातात एवढ्या लोकांचं अन्न असेल तर त्यांचं वजन किती असेल, याचा अंदाज करा.

लॉरेन्स हा याच रोमचा डीकन. २५८मध्ये सम्राट वलेरियनच्या छळात बिशप सिक्स्तस दुसरा आणि चार डीकन ६ ऑगस्टला मारले गेले. लॉरेन्स चार दिवसांनी, १० ऑगस्टला. परंपरा सांगते की अधिकाऱ्याने त्याच्याकडे चर्चचा खजिना मागितला. त्याने मुदत मागून घेतली, होतं ते वाटून टाकलं आणि गोरगरीब, पांगळे, आंधळे यांना समोर उभं करून सांगितलं, हाच खजिना. यातला इतिहास किती आणि भर किती यावर चर्चा होऊ शकते. पण अधिकाऱ्याने खजिना डीकनकडेच मागावा, यात नवल नव्हतं. किल्ल्या त्याच्याकडेच असत.

किल्ल्यांबरोबर तोराही आला. ३२५च्या निकेया परिषदेला, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेला, अठराव्या नियमात डीकनांना बजावावं लागलं की त्यांनी वडिलांना प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) वाढू नये आणि वडिलांच्या रांगेत बसू नये. असा नियम करावा लागला म्हणजे तसं सर्रास चाललेलं असणार.

पुढे हे पद मागे का पडलं?

पश्चिमेकडे ते हळूहळू पाळकपदाची पायरी बनून गेलं. डीकन व्हायचं, थोडे दिवस थांबायचं आणि पाळक व्हायचं. गरिबांची आणि आजाऱ्यांची कामं मठ, धर्मशाळा आणि इस्पितळं पाहू लागली. आयुष्यभर डीकन राहिलेली मोठी माणसं झालीच नाहीत असं नाही : सिरियाचा कवी एफ्रेम डीकन होता, आणि असिसीचा फ्रान्सिसही डीकनच राहिला असं परंपरा मानते. पण असे थोडेच.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३मध्ये जुनी कामं पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. ते कागदावरच राहिलं.

कॅथलिक चर्चमध्ये विवाहित डीकन दिसतात, ते कसे?

ते कायमस्वरूपी डीकन. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या डाखाऊ इथल्या छळछावणीत डांबलेल्या धर्मगुरूंमध्ये या पदाच्या पुनरुज्जीवनावर बोलणं झालं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये त्याला वाट करून दिली आणि पोप सहावे पॉल यांनी १९६७मध्ये नियम घालून दिले. आज जगभरात असे सुमारे ५०,००० डीकन आहेत. बरेचसे विवाहित आणि नोकरीधंदा करणारे आहेत.

विवाहित पुरुषासाठी किमान वय ३५ आणि पत्नीची संमती हवी; अविवाहितासाठी २५. दीक्षेनंतर मात्र लग्न करता येत नाही. पत्नी वारली तरी सामान्यतः पुनर्विवाह नाही. होकार देण्याआधी नवरा-बायकोने मिळून विचार करायचा मुद्दा खरं तर हा आहे.

कॅथलिक डीकन बाप्तिस्मा देतो, विवाहविधी चालवतो, अंत्यविधी करतो, शुभवर्तमान वाचतो आणि प्रवचन देतो. मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करणं, पापनिवेदन ऐकणं आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग करणं ही त्याची कामं नाहीत.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये?

तिथे डीकन हा उपासनेचा आवाज आहे. लोकांच्या विनवण्या तो गाऊन पुढे नेतो आणि लोक ‘प्रभू, दया कर’ म्हणतात. डाव्या खांद्यावरचा लांब पट्टा उजव्या हाताने उंच धरून तो प्रार्थनेची खूण करतो. लग्न करायचं असेल तर दीक्षेआधीच. सिरियन परंपरेत त्याला ‘शमाशा’ म्हणतात, अर्थ पुन्हा सेवकच.

प्रोटेस्टंट पंथांमध्ये एकसारखी पद्धत का नाही?

कारण प्रत्येकाने बायबल उघडून हे पद नव्याने मांडायचा प्रयत्न केला. जिनेव्हात धर्मसुधारक कॅल्विनने १५४१च्या नियमावलीत पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदं ठेवली. डीकनही दोन तऱ्हेचे : एक निधी आणि हिशोब पाहणारे, दुसरे प्रत्यक्ष आजाऱ्यांची व गरिबांची काळजी घेणारे. ही विभागणी मला आजही शहाणपणाची वाटते. वही सांभाळणारा आणि उशाशी बसणारा हे एकाच स्वभावाचे नसतात.

बॅप्टिस्ट मंडळ्यांत सभासद मतदानाने डीकन निवडतात. अँग्लिकन चर्चमध्ये बहुतेक जण साधारण वर्षभर डीकन राहून मग धर्मगुरू होतात, काही जण मात्र ठरवून डीकनच राहतात. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९९६मध्ये ‘पायरी’वाली पद्धत मोडून डीकनांचा स्वतंत्र, कायमचा वर्ग केला.

स्त्रिया डीकन होऊ शकतात का?

काही पंथांत होतात, काहींत नाही. कारणं मात्र समजून घ्यायला हवीत, कारण दोन्ही बाजू त्याच वचनांवर बोट ठेवतात.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबीची ओळख किंख्रिया इथल्या मंडळीची ‘दियाकोनोस’ अशी करून देतो. शब्द पुरुषांसाठी वापरतात तोच. ती आपल्यासह अनेकांना आधार देणारी होती, असंही तो लिहितो. मराठीत ‘सेविका’ वाचलं की डोळ्यांसमोर येणारं चित्र आणि पौलाने रंगवलेलं चित्र यांत बरंच अंतर आहे. तीमथ्याच्या पत्रात डीकनांच्या यादीच्या मधोमध ‘स्त्रियाही गंभीर असाव्यात’ असं येतं. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ स्त्रिया असाही होतो आणि बायका म्हणजे पत्नी असाही. मराठीत ‘बायका’ या शब्दाचं तेच आहे, त्यामुळे ही अडचण आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळावी.

बायबलबाहेरचा पुरावा : ११२च्या सुमारास बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानला कळवतो की ख्रिस्ती लोकांबद्दल खरं काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला, ज्यांना ते लोक सेविका म्हणत. सिरियात तिसऱ्या शतकात स्त्रियांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तेल लावणं आणि परक्या पुरुषाला जाता येत नाही अशा घरांतल्या आजारी बायकांना भेटणं ही कामं स्त्री-डीकन करत. ४५१च्या खल्केदोन परिषदेने त्यांच्यासाठी वयाची अट ४० वर्षं ठरवली. त्यांची दीक्षा पुरुष डीकनांसारखीच होती की वेगळी, यावर आजचा सगळा वाद उभा आहे.

जर्मनीत कैझर्सवेर्थ इथे थिओडोर फ्लीडनर या पाळकाने १८३६मध्ये डीकनेस, म्हणजे सेवेला वाहून घेतलेल्या स्त्रियांसाठी घर आणि इस्पितळ सुरू केलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१मध्ये तिथेच शिकली. आधुनिक परिचर्येची एक मुळी अशी या पदापर्यंत जाते.

आजची स्थिती : चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९८७पासून स्त्रिया डीकन आहेत, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांतही आहेत. कॅथलिक चर्चमध्ये नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२०मध्ये या विषयावर अभ्यासगट नेमले होते. ऑर्थोडॉक्सांपैकी अलेक्झांड्रियाच्या पॅट्रिआर्केटने (तिथल्या मुख्य बिशपाच्या अधिकाराखालच्या चर्चने) २०२४मध्ये झिम्बाब्वेत एका स्त्रीला दीक्षा दिली.

डीकनला पगार असतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. काही पंथांत पूर्णवेळ डीकनांना असतो.

दानाचे पैसे डीकनने कसे हाताळावेत?

दोघांनी. हे सगळ्यात आधी. पेटी उघडताना दोन माणसं, शक्यतो एकमेकांची नातेवाईक नसलेली. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी. पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळते का ते पाहायचं. आकडा शाईने, अंकी आणि अक्षरी. खाली दोघांच्या सह्या. पैसे घरी न्यायचे नाहीत, ‘उद्या भरतो’ म्हणूनसुद्धा. मोजणारे आणि वही लिहिणारे वेगळे असतील तर आणखी बरं.

मी खजिना पाहत असताना एकदा घाईत एकट्यानेच पेटी उघडली. दुसरा माणूस आला नव्हता आणि मला निघायचं होतं. रक्कम पैशाला पैसा बरोबर होती. पुढच्या सभेत एका आजींनी शांतपणे विचारलं, “तू मोजलंस बाळा, पण बघितलं कोणी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पौलानेही करिंथकरांना हेच लिहिलं आहे : एवढी मोठी देणगी नेताना कुणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून तो सोबत माणसं घेतो, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही चोख असण्याची काळजी घेतो.

मदत कुणाला द्यायची, हे कसं ठरवावं?

पहिल्या मंडळ्यांतही यादी असे. तीमथ्याच्या पत्रात विधवांच्या यादीसाठी साठ वर्षांची अट आहे, आणि घरची माणसं असतील तर आधी त्यांनी सांभाळावं असंही आहे. म्हणजे चौकशी करणं हे प्रेमाच्या विरुद्ध नाही. पण चौकशी आणि उलटतपासणी यांत फरक राहू द्या. घेणाऱ्याचं नाव सभेत वाचू नका, देतानाचा फोटो काढू नका, आणि ज्याला मदत दिली त्याने पुढच्या रविवारी यायलाच हवं असं मनातही आणू नका.

सेवा तर प्रत्येक विश्वासणाऱ्याने करायची आहे. मग वेगळं पद कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर व्यवहारी आहे : जे सगळ्यांचं काम असतं ते पुष्कळदा कुणाचंच राहत नाही. यरुशलेमच्या मंडळीत प्रेमाची वाण नव्हती, लोक जमिनी विकून पैसे आणून देत होते, तरी काही विधवांपर्यंत वाटणी पोचत नव्हती. कुणाला विसरलो हे पाहणारा माणूस नेमावाच लागतो. त्याने सगळं स्वतः करू नये. इतरांना कामाला लावलं की त्याचं पद सार्थकी लागतं.

आमच्याकडे डीकनच सगळी सूत्रं हलवतात. हे बरोबर आहे का?

अनेक मंडळ्यांत डीकनांची समिती म्हणजे संचालक मंडळ होऊन बसली आहे. पाळकाची नेमणूक, इमारतीची दुरुस्ती, माईक कुठे लावायचा, सगळं तिथे ठरतं. काही मंडळ्यांच्या घटनेतच तसं असतं, तेव्हा नियमबाह्य आहे असं म्हणता येणार नाही. पण अशा समितीला एक साधा प्रश्न विचारून पाहा : गेल्या तीन महिन्यांत उपासनेला येणं बंद झालेली माणसं कोण, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आलं? नावं पटापट आली तर काळजी नको. सगळे इतिवृत्ताची वही चाळू लागले, तर निकेयाचा अठरावा नियम पुन्हा एकदा वाचायची वेळ झाली आहे.

डीकन दुतोंडी किंवा पैशाच्या बाबतीत गोलमाल करणारा निघाला तर?

आधी एकट्याने भेटून बोला, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम हाच. पैशाचा प्रश्न असेल तर वह्या लगेच दुसऱ्याच्या हाती द्या, चौकशी संपेपर्यंत थांबू नका. आणि गुन्हा घडला असेल तर तो मंडळीत मिटवायचा विषय नाही, कायद्याकडे जा.

डीकनच्या अंगावरचा पट्टा तिरपा का असतो?

पाश्चात्त्य पद्धतीत तो डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे येतो. धर्मगुरूचा दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली. तिरप्या पट्ट्याने उजवा हात मोकळा राहतो.

मी नुकताच डीकन झालो. पहिल्या महिन्यात काय करू?

जुन्या डीकनकडून घरी पडून असलेल्यांची यादी मागून घ्या. यादी नसेल तर स्वतः करा. पाळकापेक्षा दारात चपलांजवळ उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना जास्त माहीत असतं. एका वेळी एकच घर घ्या. जाताना पत्रक नेऊ नका. बसा, त्यांना बोलू द्या, औषधं कोण आणून देतं ते विचारा, लांबलचक प्रार्थना करू नका. निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा, आणि घरी पोचल्यावर तो आधी वहीत लिहून ठेवा.